पाठीसाठी कोणती डेडलिफ्ट?

नवरात्राच्या दोन महिने आधी बडोद्यातल्या जिम भरायला लागतात. नऊ रात्री गरबा खेळायचा तर कंबर आणि गुडघे साथ देणारे हवेत, हे इथं लहान पोरांनाही ठाऊक असतं. त्याच गर्दीत दांडिया बाजारातल्या आमच्या जिममध्ये दोन सख्खे भाऊ आले. थोरला सहा फुटी, मांड्या लांब, हात मात्र त्या मानानं आखूड. धाकटा बुटका, पण आजानुबाहू म्हणावा असे लांब हात. दोघांनी फोनवर एकाच माणसाचे व्हिडिओ बघून एकाच पद्धतीनं डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम, सुरू केली. महिन्याभरात दोघंही ७० किलोवर पोचले. धाकटा खुशीत होता. थोरला मात्र रोज सकाळी मोजे घालताना कण्हत होता.

"सर, माझा फॉर्म चुकतोय का?" त्यानं विचारलं. मी तीन दिवस बाजूला उभं राहून पाहिलं. फॉर्ममध्ये मोठी चूक नव्हती. त्याच्या हाडांच्या लांबीला ती तऱ्हा जड जात होती.

गेली बारा वर्षं मी लोकांना वजन उचलायला शिकवतो आहे आणि सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच आहे: पाठीसाठी कोणती डेडलिफ्ट करू? कन्व्हेन्शनल, सुमो, रोमानियन, ट्रॅप बार, रॅक पुल अशी नावं रील्समधून अंगावर येतात. प्रत्येक जण आपलीच खरी म्हणतो. त्या गोंधळात लोक एक तर चुकीची तऱ्हा धरून बसतात, नाही तर घाबरून व्यायामच सोडतात. दुसऱ्याचं मला जास्त वाईट वाटतं.

डेडलिफ्टमध्ये पाठ काय करते?

आधी व्याख्या. जमिनीवर निपचित पडलेलं वजन हातांनी धरून सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. वजनाला आधीची काहीही गती नसते, म्हणून ते 'डेड'. घरातला भरलेला गॅस सिलिंडर उचलताना आपण हेच करतो. त्यात गॅस १४.२ किलो आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच, म्हणजे ३० किलोच्या आसपास. बडोद्यातल्या कितीतरी वाड्यांच्या अरुंद जिन्यांवरून हे वजन रोज वर जातं, आणि ते नेणाऱ्याला कोणी व्यायाम करणारा म्हणत नाही.

आता दाराकडे बघा. दार उघडतं तेव्हा बिजागरी फिरते, फळी सरळच राहते. डेडलिफ्टमध्ये बिजागरी म्हणजे खुबा, मांडीचं हाड आणि कंबर जिथं जुळतात तो सांधा. फळी म्हणजे पाठ. फिरवण्याची ताकद पार्श्वभागाच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंकडून येते. पाठीचं काम असतं वाकू न देता धरून ठेवण्याचं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून माकडहाडापर्यंत जाड दोरांसारखे स्नायू उतरतात. हे दोर ताणून धरले की फळी ताठ राहते. हे धरून ठेवणंच त्यांचा व्यायाम आहे, आणि पाठ बळकट होते ती याच कामानं.

हे समजलं की अर्धा गोंधळ संपतो. बहुतेक नवखे लोक पाठीनं ओढतात, आणि संध्याकाळी पाठीत उसण भरली की डेडलिफ्टला दोष देतात.

थोडं गणित, पण कळशीचं

भरलेली कळशी छातीशी धरली तर माणूस दोन जिने चढतो. तीच कळशी हात लांब करून पुढे धरा, अर्ध्या मिनिटात खांदे भरून येतात. कळशीचं वजन बदललं नाही, तिचं अंतर बदललं.

डेडलिफ्टच्या सगळ्या तऱ्हांमधला फरक या एका वाक्यात आहे. समजा, बारवर, म्हणजे प्लेट लावायच्या लोखंडी दांडीवर, ६० किलो आहेत आणि वाकलेल्या स्थितीत बार तुमच्या कंबरेच्या खालच्या मणक्यापासून आडव्या अंतरानं ४० सेंटिमीटर पुढे आहे. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू त्या मणक्याच्या मागे जेमतेम ५-६ सेंटिमीटरवर असतात. तराजूचा एक दांडा ४० चा, दुसरा ६ चा. ६० गुणिले ४० भागिले ६, म्हणजे स्नायूंना ४०० किलोइतका जोर लावावा लागतो. बार १० सेंटिमीटर जवळ आला, तर तोच जोर ३०० वर येतो. यात धडाचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. शरीराचं साधारण निम्मं वजन कंबरेच्या वर असतं. म्हणून तर नुसती चप्पल उचलायला वाकलं तरी कोणाच्या पाठीत चमक भरते.

थोरल्या भावाचं दुखणं इथं होतं. मांड्या लांब, त्यामुळे खुबा बारपासून लांब मागे जायचा. हात आखूड, त्यामुळे बारपर्यंत पोचायला जास्त वाकावं लागायचं. वजन दोघांचं ७० किलो, पण पाठीला पडणारं काम वेगवेगळं.

नेहमीची डेडलिफ्ट

कन्व्हेन्शनल म्हणजे नेहमीची. पाय खुब्याएवढ्या अंतरावर, हात पायांच्या बाहेरून, बार पावलाच्या बरोबर मध्यावर, नडगीला टेकण्याइतका जवळ. यात धड बरंच पुढे झुकतं, म्हणून पाठीच्या दोरांना आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना भरपूर काम मिळतं. पाठ दणकट करायची आणि अंगकाठी साथ देत असेल, तर माझ्या मते याच्याइतकी मोलाची तऱ्हा दुसरी नाही.

इथं आपल्याकडच्या जिममधली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती व्हिडिओत कोणी सांगत नाही. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. त्यामुळे बार जमिनीपासून साधारण २२ सेंटिमीटर उंचावर येतो, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या नडगीच्या मध्यावर. आपल्याकडे नवखा माणूस बाराला पाच-पाच, दहा-दहा किलोच्या लहान लोखंडी प्लेट लावतो. त्या व्यासानं लहान, म्हणून बार आणखी खाली जातो. ज्याला अजून नीट वाकताही येत नाही त्याला आपण नकळत सर्वांत अवघड, सर्वांत खोल डेडलिफ्ट करायला लावतो! उपाय घरगुती आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली एकेक मजबूत लाकडी पाट ठेवा, किंवा जाड प्लेटची चळत रचा, आणि बार नडगीच्या मध्यावर आणा. मी आमच्या जिममध्ये पाट आणून ठेवले, तेव्हापासून 'पहिल्याच आठवड्यात कंबर धरली' ही तक्रार खूप कमी झाली.

सुमो

पाय बरेच फाकवलेले, पावलं बाहेरच्या दिशेला, हात मात्र पायांच्या आत. सिलिंडर दोन पायांमध्ये घेऊन उचलतो तसं. सुमो पैलवानांसारखं उभं राहायचं, म्हणून हे नाव. पाय फाकवल्यामुळे खुबा बारच्या जवळ येतो, धड जास्त उभं राहतं. मोजमापं घेतलेल्या अभ्यासात कंबरेच्या खालच्या सांध्याला वाकवणारा जोर नेहमीच्या तऱ्हेपेक्षा सुमोत साधारण १० टक्क्यांनी कमी दिसला आहे. बारला वर जायचं अंतरही पाचव्या ते चौथ्या हिश्श्यानं घटतं. पाठीचं जे काम वाचतं ते मांडीच्या पुढच्या आणि आतल्या बाजूवर जातं. त्यामुळे जांघेत ओढ बसण्याचा संभव वाढतो, आणि ज्यांचे खुबे जन्मतःच तेवढे फाकत नाहीत त्यांना ही तऱ्हा कधीच सुखाची वाटत नाही. त्यांनी हट्ट धरू नये.

'सुमो म्हणजे चीटिंग' हे वाक्य तरुण पोरं फार बोलतात. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत दोन्ही तऱ्हा चालतात, आणि जागतिक दर्जाचे लोक आपापल्या शरीराप्रमाणे निवडतात. व्यायामात तर चीटिंगचा प्रश्नच येत नाही. तिथं समोर प्रतिस्पर्धी कोणी नसतो.

ट्रॅप बार

षटकोनी चौकटीचा बार. माणूस चौकटीच्या आत उभा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या मुठी धरतो. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अल जेरार्ड या पॉवरलिफ्टरनं हा बार काढला. नळावरून दोन हातांत दोन बादल्या भरून आणणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. वजन पुढे लोंबत नाही, शरीराच्या रेषेत राहतं. कळशीच्या गणितातलं अंतर इथं कमी होतं. मुठी सहसा थोड्या उंच असतात, त्यामुळे कमी वाकावं लागतं. कंबरेवरचा भार घटतो, गुडघ्यावरचा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवरचा वाढतो.

ज्यांना पाठदुखीचा इतिहास आहे, ज्यांनी साठी ओलांडली आहे, ज्यांना वाकायची भीती बसली आहे, त्यांची सुरुवात मी ट्रॅप बारनंच करतो. जिममध्ये हा बार नसेल तर दोन हातांत दोन डंबेल किंवा केटलबेल (वर कडी असलेले लोखंडी गोळे) घेऊन तेच काम होतं.

रोमानियन, आणि तिची गोष्ट

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाड पुढे १९९०च्या सुमारास अमेरिकेत सराव दाखवायला गेला. मुख्य सराव झाल्यावर तो एक वेगळाच व्यायाम करू लागला. बार उभ्यानंच धरायचा, गुडघे किंचित सैल, आणि खुबा मागे ढकलत बार मांडीवरून गुडघ्याच्या खालपर्यंत घसरवत न्यायचा, मग पुन्हा उभं राहायचं. जमिनीला टेकवायचाच नाही. बघणाऱ्यांनी नाव विचारलं, तर त्याच्याकडे नाव नव्हतं. मग त्याच्या देशाचंच नाव त्याला चिकटलं.

पाठीसाठी मी हिला फार मानतो. नेहमीच्या डेडलिफ्टमध्ये प्रत्येक वेळी बार जमिनीवर ठेवला की पाठीला क्षणभर विसावा मिळतो. रोमानियनमध्ये आठ वेळा वरखाली होईपर्यंत पाठीला उसंत नाही, त्या दोरांना सतत ताणून धरावं लागतं. वजन तुलनेनं कमी लागतं. जमिनीवरून जेवढं उचलता त्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास पुरतं. शिवाय खुबा मागे ढकलणं ही मूळ कला हिच्यातच सर्वांत चांगली शिकता येते.

शिकायची रीत अगदी सोपी आहे. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा. गुडघे जरासे सैल सोडून पार्श्वभाग मागे नेत भिंतीला टेकवा. जमलं की पाऊलभर पुढे सरका आणि पुन्हा टेकवा. मग एक लाकडी काठी पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकायला हवी. वाकताना तिन्हींपैकी एकही सुटली नाही तर तुमची बिजागरी फिरते आहे आणि फळी सरळ आहे. हे आठवडाभर रोज पाच मिनिटं करा, मगच हातात वजन घ्या. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी काठीपासूनच सुरू करायला लावतो, मग तो आधीपासून १०० किलो उचलत असला तरी.

हिचीच थोरली बहीण म्हणजे स्टिफ-लेग. गुडघे जवळजवळ ताठ, बार जमिनीपर्यंत. कंबरेवर हिचा ताण जास्त, त्यामुळे ती अनुभवी लोकांनी हलक्या वजनानं करावी.

बाकीच्या

डेफिसिट, म्हणजे ३-५ सेंटिमीटर जाडीच्या प्लेटवर उभं राहून करायची. बार आणखी खाली जातो, काम वाढतं. नवख्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. स्नॅच-ग्रिपमध्ये हात बारवर खूप रुंद धरतात, त्यामुळे फऱ्यांच्या भोवतीचे आणि मानेखालचे स्नायू जबर राबतात. पोक काढून बसणाऱ्या ऑफिसवाल्यांना हलक्या वजनानं ही फार उपयोगी. आणि सूटकेस डेडलिफ्ट, एकाच हातात वजन. स्टेशनवर एका हातात जड बॅग असली की शरीर त्या बाजूला कलंडू पाहतं. कलंडू न देणारे कंबरेच्या बाजूचे स्नायू इतर तऱ्हांमध्ये फारसे कसाला लागत नाहीत, म्हणून हिला आठवड्यात एकदा तरी जागा द्यावी.

गामाचा दगड आणि रॅक पुलचे आकडे

कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक मोठा दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी तो गामा पहिलवानानं उचलला, असं त्यावर कोरलेलं आहे. दगडाचं वजन १२०० किलो सांगितलं जातं. लहानपणी वडील मला तो दाखवायला घेऊन गेले होते. त्यावर हात फिरवताना जे वाटलं, त्यातूनच मी या क्षेत्रात आलो.

आता दुसरा आकडा बघा. जमिनीवरून बार उचलून ५०० किलोचा टप्पा गाठणारा पहिला माणूस म्हणजे इंग्लंडचा एडी हॉल, आणि ते साल होतं २०१६. मग १२०० कुठून आले, असं कोणी विचारलं तर मी त्याला उलट विचारतो: किती उंच उचलला? कसा धरून? एक कड टेकलेली होती की पूर्ण दगड अधांतरी होता? गामाच्या बळाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तसा मल्ल शतकात एखादा होतो. पण उंची आणि पकड कळल्याशिवाय नुसत्या किलोंची तुलना होत नाही.

जिममधल्या रॅक पुलचं तसंच आहे. बार गुडघ्याच्या उंचीवर आडव्या कांबीवर ठेवायचा आणि तिथून उचलायचा. अंतर अर्ध्याहून कमी, सर्वांत अवघड खालचा भाग वगळलेला. त्यामुळे जमिनीवरून १०० किलो उचलणारा इथं १४० सहज उचलतो आणि फोनवर टाकतो. पाठीच्या वरच्या भागाला आणि पकडीला याचा फायदा आहे, दुखापतीतून परतणाऱ्याला तर ही उत्तम पायरी आहे. मात्र हा आकडा आणि जमिनीवरचा आकडा एका वहीत, एका रांगेत लिहू नका. कंबरेखालचं अंग त्या १४०साठी अजून तयार नसतं.

"पण डेडलिफ्टनं स्लिप डिस्क होते ना?"

दोन मणक्यांमध्ये चकती असते. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. ती साबणाच्या वडीसारखी जागेवरून घसरत नाही. कड्याला चीर जाऊन गर बाहेर आला आणि नसेवर दाब पडला तर त्रास होतो. पेलणार नाही एवढं वजन झटक्यानं, पाठ गोल करून, थकलेल्या अवस्थेत उचललं तर असं होऊ शकतं. हे मी लपवणार नाही.

पण एमआरआयवर 'बल्ज' लिहून आलं म्हणून आयुष्यभर वाकणं सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तेही घातकच आहे. कधीच पाठ न दुखलेल्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३० टक्के जणांच्या एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जातं. केस पिकतात तसं हे. त्या ओळीपेक्षा तुमचं दुखणं कसं आहे हे महत्त्वाचं.

स्वीडनमध्ये पाठदुखीच्या रुग्णांना देखरेखीखाली डेडलिफ्ट शिकवून पाहिली गेली. त्यांचं दुखणं कमी झालं. मात्र दुसऱ्या गटाला दिलेल्या हलक्या, नियंत्रणाच्या व्यायामांनीही जवळपास तेवढाच फरक पडला. डेडलिफ्टचा जास्त लाभ झाला तो ज्यांचं दुखणं फार तीव्र नव्हतं आणि ज्यांच्या पाठीत तग धरायची ताकद आधीपासून होती त्यांना. म्हणजे दुखणं भरात असताना बारला हात लावू नये, ओसरल्यावर हलक्यापासून चढावं.

पाय बधिर होत असेल, पाऊल उचलताना लटकं पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर जिम, मालिश, शेक सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यात एक दिवसही घालवू नका.

पाठ अगदी सरळ हवी का?

मोजून पाहिलं तर उत्तम फॉर्मवाल्यांचीही पाठ भार आल्यावर काही अंश वाकतेच. तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. बघायचं ते हे, की सुरुवातीला होती तशी ती शेवटपर्यंत राहते का. उचलता उचलता कंबर गोल होत गेली, म्हणजे फळी दुमडायला लागली. तिथं थांबा, ५ किलो काढा.

श्वासाचंही तसंच. गार पेयाचा बंद डबा मुठीत दाबला तर दबत नाही. उघडलेला रिकामा डबा लगेच चेपतो. उचलण्याआधी पोटात श्वास भरून पोट चारही बाजूंनी घट्ट केलं की आपलं धड बंद डब्यासारखं होतं. रक्तदाब किंवा हर्नियाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र श्वास कोंडू नये. हलकं वजन घेऊन, उचलताना हळूहळू सोडावा, आणि त्याआधी डॉक्टरांना विचारावं. कंबरपट्टा याच दाबाला मदत करतो, तो पाठीचं काम स्वतः करत नाही. पहिल्या सहा महिन्यांत त्याची गरज नाही असं माझं ठाम मत आहे.

बायकांनी, म्हाताऱ्यांनी करावी?

बाबाजीपुऱ्यातून एक माई येतात, वय ६२. पहिल्या दिवशी सुनेनं हात धरून आणलं होतं. हाडं ठिसूळ होत चालली आहेत असं तपासणीत निघालं होतं, आणि घरी सगळ्यांनी त्यांना 'काही उचलू नका' असं बजावलं होतं. त्या मला म्हणाल्या, "अरे, नातवाला पण घ्यायचं नाही म्हणतात. मग मी करू काय?"

ऑस्ट्रेलियात नेमक्या अशाच बायकांवर एक प्रयोग झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ जणी, सरासरी वय ६५. त्यांतल्या एका गटाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास जड व्यायाम दिला, त्यात डेडलिफ्ट होती. दुसऱ्या गटानं घरी हलका व्यायाम केला. जड व्यायामवाल्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली, दुसऱ्यांची घटली. मात्र पहिला महिना त्यांना फक्त हालचाल शिकवली होती, आणि प्रत्येक वेळी जाणकार माणूस बाजूला उभा होता. या दोन अटी वगळून कोणी तो प्रयोग सांगत असेल तर ऐकू नका.

माईंच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी होकार दिला. दीड महिना काठी आणि भिंत. मग ८ किलोची केटलबेल पाटावर ठेवून. आठ महिन्यांनी ट्रॅप बारवर ३५ किलो. नातू १४ किलोचा आहे.

बडोद्याला ही समज परकी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव व्यायामाचे गुरू म्हणून जेवढे नावाजलेले होते, तेवढेच निखळलेली हाडं बसवणारे म्हणूनही. बळ कमावणं आणि मोडलेलं सांधणं ही दोन्ही कामं या गावात एकाच छपराखाली चालायची. आज जिम एका इमारतीत आणि हाडांचा दवाखाना दुसऱ्या, दोघांचं बोलणंच होत नाही, याची मला खंत वाटते.

भार कमी असलेलीच तऱ्हा नेहमी का करू नये?

हा प्रश्न हुशार लोक विचारतात. सुमो आणि ट्रॅप बारमध्ये पाठीवर कमी भार, मग बाकीच्या कशाला?

कारण पाठीला बळ येतं ते भार पेलूनच. ज्या अवयवाचं काम वाचवाल तो तेवढाच राहील. तऱ्हा बदलणं म्हणजे नळाची चावी फिरवणं: पाठीवर किती धार सोडायची ते आपल्या हातात येतं. दुखऱ्या, नवख्या पाठीला बारीक धार, म्हणजे ट्रॅप बार किंवा पाटावरची डेडलिफ्ट. हळूहळू रोमानियन, मग नेहमीची. पाठ तयार झाल्यावरही कायम बारीक धारेवर राहिलात, तर एके दिवशी सिलिंडर तिरका उचलावा लागेल तेव्हा पाठीला सवय नसेल.

आठवड्यात दोन दिवस पुरेत. एका दिवशी तुमच्या शरीराला मानवणारी मुख्य तऱ्हा, पाच-पाच वेळांचे तीन सेट. दुसऱ्या दिवशी रोमानियन, आठ-आठ वेळांचे तीन, आणि शेवटी प्रत्येक हातानं सूटकेस. वजन एका वेळी अडीच किलोनं वाढवा. शेवटच्या खेपेला अजून दोन वेळा जमलं असतं असं वाटायला हवं. तसं वाटलं नाही तर पुढच्या आठवड्यात वजन तेवढंच ठेवा.

थोरल्या भावाला मी सहा आठवडे ट्रॅप बार दिला आणि सोबत २५ किलोची रोमानियन. मोज्यांचं कण्हणं तिसऱ्या आठवड्यात थांबलं. मग सुमो करून पाहिली, पण त्याचे खुबे फाकेनात, ती सोडून दिली. आता तो नेहमीचीच डेडलिफ्ट करतो, प्लेटखाली दोन पाट ठेवून, ६० किलोवर. धाकटा शेजारी जमिनीवरून ९० उचलतो. दर महिन्याला आम्ही पाट थोडा पातळ घेतो.